दोन पोती माती

गुढीपाडव्याला सकाळी आमच्या ओट्यावर मक्ता ठरला. सव्वा एकर वावर, एका वर्षासाठी, पंधरा हजार रुपये. पीक आलं तरच. हजर चौघं होतो: मी, माझी बायको, वावराच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या वहिनी, आणि त्यांचे धाकटे दीर. 'पीक आलं तरच' ही अट मी घातली नव्हती, वहिनींनीच घातली. त्या जमिनीत काही पिकेल असं त्यांच्याशिवाय कोणालाच वाटत नव्हतं, आणि यंदाही ती रिकामी गेली तर प्लॉट पाडून विकायची, असं दीरांनी घरात वदवून घेतलं होतं. वहिनींना विकायची नव्हती.

वावर वरवट बकालच्या रस्त्याला लागून आहे. वहिनींचे यजमान हयात असताना त्याची वरची दीड-दोन फूट काळी माती वीटभट्टीला गेली. त्या पैशात घरावर स्लॅब पडला. वावरात उरला तो खालचा पिवळट थर. भिजला की चिकट, वाळला की फरशी. शेजारच्या वावरापेक्षा ते गुडघाभर खाली, म्हणून पाणी साचू नये यासाठी मी आधी नाल्यापर्यंत चर काढला. चार ट्रॉल्या शेणखत टाकलं आणि मृगाच्या पावसावर तूर पेरली. तूर मुद्दाम निवडली. तिचं मूळ खोल जातं, घट्ट थर फोडतं, आणि पानं गाळून ती जमिनीला बरंच काही परत देते.

महिनाभरात सगळी तूर हळदीसारखी पिवळी पडली. दीर मोटारसायकल रस्त्यावरच उभी करून ओरडले, "दादा, हयद लावली का हो? मले वाटलं तूर हाय!"

ज्याला त्याला युरिया सुचत होता. मी टाकला नाही. युरियाने पानं आठ-पंधरा दिवस हिरवी दिसली असती, पण दारात आयतं नत्र मिळालं की तूर ते कमवायच्या भानगडीत पडत नाही. पाच झाडं अलगद खणून काढली, बादलीत मुळं धुतली. धुतलेल्या दोऱ्यासारखी स्वच्छ! एकही गाठ नाही. तुरीच्या मुळाला गाठी हव्यात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात, आणि झाड पानांत तयार केलेली साखर त्यांना पोचवतं. असा दोघांचा व्यवहार. पेरताना बियाण्याला याच जिवाणूंच्या संवर्धकाचं पाकीट चोळलं होतं, ते लागलं नव्हतं. आणि जमिनीत जे मूळचे जिवाणू असायचे, ते वरच्या मातीबरोबर भट्टीत जाऊन विटा झाले होते.

म्हणजे ज्या मातीत तूर नेहमी चांगली येते, तिथली थोडी माती इथे आणायची. माझ्या घरच्या वावरात मर रोग आहे. तिथली माती म्हणजे रोगालाच आवतन. निरोगी तूर होती ती शेजारच्या भाईच्या वावरात. तो माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या घरी गेलो.

"दोन पोती माती पाहिजे, भाई. तुरीच्या मुळाजवळची."

"माती?" तो हातातला कप ठेवून म्हणाला. "ते वावर पाहून राह्यला ना तू? तिथंबी पयले दोन पोतेच गेले असतीन. मंग जेसीबी आला."

"किंमत देतो."

"किंमतीनंच तर सत्यानास झाला बे! मी माती इकत नाही."

आत भाकरी थापणाऱ्या त्याच्या आईने, आमच्या चाचींनी, तिथूनच विचारलं, "कायले करते म्हणा त्याले?"

मी मुळांचं सगळं सांगितलं. थापायचा आवाज थांबला.

"काऊन भांडून राह्यला रे त्याच्याशी?" चाची भाईला म्हणाल्या. "दूध थोडी मांगते तो? इरजन मांगते. इरजनाले कोनी नाही म्हणते का?"

भाई माझ्याकडे बघून हसला. "चाल. पन फावडं मी मारीन. तुह्या हातात देलं त तू खड्डा पाडशीन."

विरजणाचे पैसे कोणी देत नाही, म्हणून मीही खिशात हात घातला नाही.

आभाळ भरलेलं बघून ती माती शेणकाल्यात कालवली आणि मी व बायकोने ओळीओळीने मुळाशी ओतली. पोळ्याच्या सुमारास पुन्हा झाडं उपटली. मुळांवर गाठी होत्या. एक नखाने फोडली तर आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे कामाला लागलेली. पानांचा रंग त्याआधीच पालटला होता. थंडीत पानगळ झाली आणि ओळींच्या मधे पाल्याचा थर बसला. तो बाजूला करून मूठभर माती उचलली तर ती ढेकूळ न राहता बोटांत भुरभुरली.

तूर झाली तीन क्विंटल वीस किलो. चांगल्या जमिनीत दुप्पट होते. खर्च आणि मक्ता वजा केला तर माझ्या हातात काहीच उरत नव्हतं. दीर म्हणाले, "याले पीक म्हनते का, दादा?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "अर्धेच द्या, भाऊजी. तुमचं तरी कायले नुकसान?"

अर्धे दिले असते तर अर्धंच पीक आलं असा अर्थ झाला असता, आणि उरलेल्या अर्ध्यात दीरांनी प्लॉट पाडले असते. तीन क्विंटल हे पीकच आहे, असं मी म्हणालो आणि पिशवी उघडली. पैसे घ्यायला दीरांनी हात पुढे केला. वहिनींनी त्यांना मोजू दिले. मोजून झाल्यावर पूर्ण पंधरा हजार त्यांच्याकडून स्वतःकडे मागून घेतले, आणि पुढच्या सालाचा मक्ता किती, ते मला तिथेच विचारलं.