भाच्याचं तिसरं मागणं

तोकेनला घोडे राखण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि भाच्याला नाही म्हणणं तर मुळीच येत नव्हतं. आमच्याकडे, या गवताळ मुलखात, भाच्याचा मान मोठा. आयुष्यात तीन वेळा त्याने आजोळी येऊन हवं ते मागावं आणि मामाने द्यावं. नाही म्हणणारा मामा लोकांच्या नजरेतून कायमचा उतरतो. बहुतेक भाचे शहाणे असतात. शिंगरू मागतात, खोगीर मागतात, खाऊन-पिऊन घरी जातात.

एल्दोस हा तोकेनच्या मेलेल्या बहिणीचा, काम्काचा, एकुलता एक मुलगा. लहानपणी त्याने शिंगरू नेलं, लग्नात गाभण घोडी नेली. तोकेनला स्वतःचं मूलबाळ नाही, त्यामुळे दोन्ही वेळा तो गावभर मिरवत फिरला. मग पोरगा राजधानीत नोकरीला लागला आणि तिसरं मागणं राहूनच गेलं. "माझा भाचा काही मागतच नाही बुवा," असं तोकेन कुरकुरत सांगायचा. बायको बागिला म्हणायची, "नाही मागत ते बरंय. उगाच आठवण करून देऊ नका."

एका शरदात एल्दोस आला. बागिलाने घोड्याचं मांस शिजवलं, कणकेचे गोळे तळले. जेवण झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, काराशातवर जाऊन येऊ या का?" तोकेनला काय, तेवढंच हवं होतं.

काराशात म्हणजे त्याचा हिवाळी माळ. उंच, सपाट, एकिबास्तूझच्या वीजकेंद्राकडून येणाऱ्या मोठ्या तारांच्या अगदी कडेला. हिवाळ्यात सगळा मुलूख बर्फाखाली गेला तरी इथला वारा बर्फ झाडून नेतो. मग घोडे खुरांनी उकरून खालचं गवत खातात आणि तगतात. हा माळ नसता तर तोकेनच्या कळपाने एक हिवाळाही काढला नसता.

"इथे वारा थांबतो का हो कधी?" एल्दोसने विचारलं.

"थांबेल कशाला? भर उन्हाळ्यात कोट चढवावा लागतो. पाणी साचत नाही, पूर येत नाही, जमीन कशी टणक. असा माळ शोधून सापडायचा नाही." तोकेन बोलत सुटला आणि भाचा फोनमध्ये टिपून घेत राहिला.

घरी चहा घेताना एल्दोस म्हणाला, "मामा, माझं तिसरं मागणं शिल्लक आहे ना?"

"केव्हाचं! माग की."

"मोठं आहे."

तोकेनने शपथेसारखा समोरच्या पावावर हात ठेवला. "माझ्याकडे जे आहे ते तुझंच. बोल."

"अहो, आधी ऐकून तरी घ्या," चुलीपासून बागिला म्हणाली.

"तू मामा-भाच्याच्या मध्ये पडू नकोस."

एल्दोसने मान खाली घातली. "काराशात द्या."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याची कंपनी डेटा सेंटर बांधणार होती आणि जागा निवडायचं काम त्याच्याकडे होतं. तिथली यंत्रं रात्रंदिवस तापतात, त्यांना गार वारा लागतो, जवळ वीज लागते, कोरडी टणक जमीन लागते. माळ सरकारी, पण भाडेपट्टा तोकेनच्या नावावर. त्याने सोडला की काम झालं.

पावावरचा हात तोकेन बराच वेळ काढेना.

"आणि घोडे कुठे नेऊ?"

"खालच्या खोऱ्यात सोय केलीय मी. भरपाईही मिळेल."

खोऱ्यात वारा पोचत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी तोकेन म्हणाला, "दिला." काय म्हणावं या माणसाला! दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन त्याने सही केली. बागिला भाच्याला निरोप द्यायला दारापर्यंतही गेली नाही.

त्या हिवाळ्यात मध्येच ऊन पडलं, बर्फ वितळलं आणि पुन्हा कडक गोठलं. खोऱ्यात वरून काचेसारखा थर बसला. उकरून उकरून घोड्यांचे खूर रक्ताळले. भरपाईच्या पैशाचा चारा संपला, मग शेजाऱ्यांकडून उसना आणलेलाही संपला. गाभण घोड्या बसायच्या त्या उठायच्याच नाहीत. तोकेन त्यांच्यावर घरातले लोकरीचे जाड नमदे टाकायचा, मानेला धरून उठवायला बघायचा, आणि मग तिथेच बसून रडायचा. वर काराशातवर भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि वारा त्यांच्याभोवतीचं बर्फ नेमाने झाडून नेत होता.

वसंतात एल्दोस आला. जवळजवळ रिकामा तबेला बघून दारातच घुटमळला. तोकेनने त्याला आत बसवलं.

"एक विचारतो. खरं सांग. दुसरी जागा नव्हतीच का?"

एल्दोस खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. "होती मामा. रेल्वेच्या पलीकडे. जवळपास इतकीच चांगली."

"मग?"

"तिथले लोक नाही म्हणाले असते. कोर्टात गेले असते. साहेबांना भांडणाची जागा नको होती."

बागिला चहाचा वाडगा तसाच ठेवून बाहेर निघून गेली. तोकेनने भाच्यापुढे ताट सरकवलं. "खा. लांब जायचंय तुला."

उरलेली जनावरं त्याने कसायाला विकली. आता दोघं एकिबास्तूझ शहरात दुसऱ्या मजल्यावर राहतात. खाली बाकावर बसणारे म्हातारे कधी म्हणतात, "कंपनीने तुला पार लुबाडलं रे." तोकेन चिडतो. "कुणी लुबाडलं नाही. माझ्या भाच्याने माळ मागितला, मी दिला." बागिलाला वर ते ऐकू येतं, आणि ती खिडकी लावून घेते.