नकाराचं कारण विचारायचं नाही

तळावर तिला सगळे नन्नाबाई म्हणत. हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेतली परिचारिका. हात हलका, चेहरा कोरा. महिनाभरात तिने चार उड्डाणांना नकार दिला होता आणि चारही वेळा आकाश लख्ख होतं.

नियम साधा होता. बोलावणं आलं की वैमानिकाने डॉक्टरांना आणि परिचारिकेला हवामान पूर्ण सांगायचं. आधी दुसऱ्या कुठल्या तळाने ही फेरी नाकारली असेल, तर तेही. रुग्णाबद्दल मात्र वैमानिकाला काही कळू द्यायचं नाही, कारण दयेपोटी माणूस ढगात घुसतो. तिघांपैकी एकानेही नाही म्हटलं की फेरी रद्द. कारण विचारायचं नाही.

हा नियम तिच्या ताईच्या मरणानंतर आला. ताईही परिचारिकाच. तीन वर्षांपूर्वी हेलिकॉप्टर धुक्यात टेकडीवर आदळलं, तेव्हा ती मागे बसली होती. पुढे बसलेला कप्तान वाचला. मोडलेला पाय जुळला आणि तो पुन्हा उडू लागला. चौकशीत त्याने सांगितलं, धुकं अचानक आलं. पण निघताना ताईने पाठवलेला निरोप हिच्या फोनमध्ये होता: ‘हवा ठीक आहे म्हणतोय. लवकर येते.’

मग दुसऱ्या तळावरचा एक वैमानिक चहा पिता पिता बोलून गेला, “त्या दिवशी ती फेरी आधी मी नाकारली होती. तुमच्या ताईच्या कप्तानाला स्वतः फोन करून सांगितलं, धुकं आहे म्हणून. लिहून नाही देणार हं, नोकरी जाईल माझी.”

तिने कप्तानाच्या तळावर बदली मागून घेतली. लग्नानंतरच्या आडनावामुळे त्याने तिला ओळखलं नाही. इतर वैमानिकांबरोबर ती बिनबोभाट उडे. नकार फक्त याच्यासाठी राखून ठेवलेला. तिसऱ्या नकाराचा रुग्ण रस्त्याने न्यावा लागला आणि त्याचा पाय कापावा लागला. ती बातमी आली तेव्हा ती जेवत होती. तिने डबा पूर्ण संपवला.

पाचवं बोलावणं दुपारी आलं. नियंत्रण कक्षाचा फोन टेबलावर चालू होता; त्यावरचं प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित होई.

“आकाश मोकळं, वारा हलका, कुणी नाकारलेलं नाही,” कप्तान म्हणाला. “माझा होकार.”

“माझाही,” डॉक्टर म्हणाले. “हं, नन्नाबाई, म्हणा पाढा.”

“नाही.”

कप्तानाने हेल्मेट टेबलावर आदळलं. “अहो, मी तुमचं काय घोडं मारलंय?”

“कारण विचारायचं नसतं.”

“मी विचारतोय!”

“मग मीही विचारते. टेकडीवर आदळलात त्या दिवशी निघण्याआधी तुम्हाला दुसऱ्या तळावरून फोन आला होता?”

“सिस्टर, तिकडे पेशंट खोळंबलाय,” डॉक्टर कळवळून म्हणाले.

“खोळंबू दे.”

“तुम्ही कोण?” कप्तानाने हळूच विचारलं.

“तुमच्या मागे बसून मेली, तिची धाकटी बहीण.”

त्याने फोनवरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. गप्प बसता आलं असतं.

“आला होता,” तो म्हणाला.

“माझ्या ताईला सांगितलंत?”

“नाही. पेशंट दोन वर्षांचं पोर होतं, मला कळलं होतं. सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या.”

तिने औषधांची पिशवी खांद्यावर घेतली. “चला. माझा होकार.”

रुग्ण जिवंत पोचला. कप्तानाचा परवाना आठवड्याभरात गेला. कपाट रिकामं करायला तो आला, तेव्हा ती दाराशी उभी होती.

“अजून काय हवंय तुम्हाला?” त्याने विचारलं.

“घरी चला. आईला अजून वाटतं, धुकं अचानक आलं.”

आई खिडकीपाशी खाटेवर बसली होती. तिला जेमतेम ऐकू येई. तो स्टुलावर टेकला आणि खाली मान घालून सगळं बोलला.

“काय म्हणताय?” आईने कानाशी हात नेला. “मला ऐकू येत नाही हो, बाळा.”

त्या ‘बाळा’ने त्याचा चेहरा चुरगळला. त्याने दाराकडे पाहिलं.

“मोठ्याने,” ती दारातून म्हणाली.

तो मोठ्याने बोलला. खालून जाणारी दोन माणसं थबकली आणि खिडकीकडे बघू लागली. आई त्याच्याकडे बघून ओशाळं हसली. बोलणं कळलं नाही म्हणून.

“अजून मोठ्याने.”