पारशिवनीच्या पत्त्याचं पाकीट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठणारी बाई. आजही तशीच आहे. तरी हे एकदा लिहून मोकळं व्हायचंय...

१९७२-७३ची गोष्ट. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका ग्रंथालयात मी कारकून होते. संगीत नाटकं गाजवलेल्या इंदुमतीबाई वारल्या आणि मृत्युपत्राप्रमाणे त्यांचे खासगी कागद आमच्याकडे आले — दोन ट्रंका भरून. भूमिकांच्या वह्या, फोटो, चाहत्यांची पत्रं. यादी करायचं काम माझं.

एका वहीत तोंड चिकटवून बंद केलेलं पाकीट सापडलं. तिकीट लावलेलं, पण टपालात न टाकलेलं. पत्ता धाकट्या बहिणीचा, गोदावरीचा — पारशिवनी. बाई नाटकात गेल्या तेव्हा घरच्यांनी त्यांचं नाव टाकलं होतं, बहिणींची चाळीस वर्षं बोलचाल नव्हती, एवढं मी ऐकून होते.

ग्रंथपाल सरांना म्हटलं, हे पोचवू या. ते म्हणाले, संग्रहातला कागद बाहेर जाणार नाही आणि पाकीट फोडायचंही नाही. मी रजिस्टरात नोंद केली. पुन्हा एकदा विचारून पाहिलं. नोकरी नवी होती... गप्प बसले.

पाच महिन्यांनी सर रजेवर गेले, तेव्हा पाकीट पर्समध्ये घालून मी एसटीत बसले. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

दारात गोदावरीबाईंची सून भेटली. मी नाव सांगायच्या आत तिनंच विचारलं, "नागपूरहून कागद घेऊन आल्या का जी?"

मी मान हलवली. तिनं आत बसवलं. सासूबाईंना जाऊन बारा दिवस झाले होते. पाच महिन्यांपूर्वी — म्हणजे मी नोंद केली त्याच सुमारास — गहू निवडता निवडता त्या म्हणाल्या, ताईनं लिहिलंय, एक बाई घेऊन येईल. तेव्हापासून रोज दुपारच्या एसटीच्या वेळेला ओट्यावर बसायच्या. घरच्यांना वाटलं, वय झालं.

"आधी जलमभर म्हणत, ताई माह्या लग्नालेबी नाही आली," सून म्हणाली. "मंग म्हणाले लागल्या, आली होती वं ताई. कोणी मांडवात येऊ देलं नाही, चिंचेखाली उभी राहिली."

मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं माझ्यासमोर फोडलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचलं. चारच ओळी —

'गोदे, तुझ्या लग्नाला मी आले होते. मांडवाच्या दारातून परत पाठवलं. चिंचेखाली उभी राहून मंगलाष्टकं ऐकली. रागावू नकोस.'

सुनेनं कागद घडी करून परत पाकिटात ठेवला. मग हळूच म्हणाली, "लई वाट पाहिली जी त्यायनं. थोडं आधी काहून नाही आल्या?"



बंद पाकिटातलं त्यांना कसं कळलं, ते इतक्या वर्षांत मला उमगलेलं नाही, कुणी पटेल असं सांगितलेलंही नाही. मी पाच महिने का थांबले, ते मात्र पक्कं ठाऊक आहे.