तिसरा घाट

या जगात जे जे म्हणून आहे त्याला एक पहिला भाग असतो आणि एक दुसरा, आणि दुसऱ्याला पहिल्याची सर येत नाही, हे सत्य ज्याला पुरतं उमगलं आहे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे साडू. तंजावरात आमची घरं समोरासमोर आहेत. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, आज शहात्तर वर्षांचे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, कालव्याची दारं उघडण्या-मिटण्यात जन्म गेला. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो तो नुसतं कौतुक करायला नव्हे. आमच्या नात्यागोत्यात गेली पाच वर्षं त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे आणि ती मीच पसरवली आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय मला जायचं नाही. पण आधी माणूस कळू दे.

सकाळी काफी आली की साडू एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात: पहिलं डिकॉक्शन, म्हणजे पुडीचा पहिला अर्क, की दुसरं. दुसरं असेल तर पेला तसाच पायरीवर ठेवून ते निघून जातात, मग घर कुणाचंही असो. जुना बस स्टँड हा त्यांच्या मते पहिला भाग: लहान, कळकट, पण उतरलं की आपण गावात असतो. नवा बस स्टँड दुसरा भाग: ऐसपैस, आणि तिथे उतरलं की गावात यायला पुन्हा बस धरायची. पाहुण्यांना चोळ राजाचं मोठं देऊळ दाखवायला नेलं तर त्यांना शिल्पं वगैरे बघू देत नाहीत. "बापानं इथे पहिला भाग बांधला," म्हणतात, "मुलानं तिकडे गंगैकोंडचोळपुरात दुसरा बांधला. पण शिखर बापापेक्षा ठेंगणं ठेवलं. दुसऱ्या भागानं असं वागावं." एका बारशाला भर पंगतीत त्यांनी जाहीर केलं, "सासऱ्यांना दोन मुली. पहिला भाग मी नेला, दुसरा मास्तरला राहिला." मास्तर म्हणजे मी. दुसरा भाग तेव्हा रसम वाढत होता. तो साडूंचं पान ओलांडून सरळ पुढच्या पानाकडे गेला. त्यावर साडू खिन्नपणे म्हणाले, "बघ. दुसऱ्या भागात माया कमी."

या तत्त्वज्ञानाचं मूळ संगणकावरच्या एका खेळात आहे. साडूंची मुलगी लग्न होऊन चेन्नईला गेली, तिचा संगणक मागे राहिला आणि त्यात हा खेळ राहिला: तलवारी, राक्षस, चेटकिणी, आणि त्यांच्यातून वाट काढत जाणारा एक वाटसरू. सुरुवातीला खेळानं वाटसरूचं नाव विचारलं, तेव्हा साडूंनी "ओव्हरसियर" असं टाईप केलं. निवृत्त झाल्यापासून त्या हुद्द्यानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. आता पडद्यावरचे राजे आणि सरायवाले "या, ओव्हरसियर" म्हणू लागले. तिथून त्यांना उठवणं अक्कालाही जमेना. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी; तिला या जगात न जमलेली ही एकच गोष्ट.

बाकीचे लोक हा खेळ तलवारीनं खेळतात म्हणे. साडूंनी तीन वर्षांत त्यात कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. "पाण्यावरून कोयते निघालेले जन्मभर पाहिले," ते म्हणत, "एकाचंही डोकं फुटू दिलं नाही. आता इथे फोडू?" राक्षस दिसला की ते एक कोस वळसा घालत. त्या खेळात नकाशा मिळत नसे. तो त्यांनी वहीत स्वतः काढला, कालव्याचा काढावा तसा, उतार आणि मोऱ्यांसकट. त्यातल्या नदीला तीन धक्के होते, त्यांना ते घाट म्हणत. तिसऱ्या घाटावर एक म्हातारा नावाडी होता, आणि तो प्रवाशांना मध्यधारेत नेऊन लुबाडत असे. नायकानं त्याला संपवावं अशी खेळाची अपेक्षा. पण कुणी त्याच्याशेजारी बसून त्याची कर्मकहाणी शेवटपर्यंत ऐकली तर तो सुधारतो. कहाणी इंग्रजीत आणि कंटाळवाणी. साडूंनी कोश मांडीवर घेऊन ती चार दिवस ऐकली. नावाडी सुधारला. पुढे खेळ जिंकून झाला, तरी साडू रोज सकाळी तिसऱ्या घाटावर जाऊन दोन मिनिटं त्याच्याजवळ उभे राहत. "एकटा आहे रे तो," म्हणत.

आता माझा भाग. मी गणिताचा मास्तर, आणि आमच्या नात्यात देवनागरी धड वाचणारा मी एकटाच, हा माझा तोरा. बाकी सगळे मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं, की तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांत मिळून एकच अक्षर आहे, आणि ट, ठ, ड, ढ या चौघांतही एकच. त्यामुळे खाट, काठ, गाठ, घाट हे सगळे कागदावर एकाच तोंडवळ्याचे दिसतात. कोण कोणता ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. "अण्णा, तुमचा नावाडी घाटावर आहे की खाटेवर?" असं विचारून मी साडूंना किती वेळा छळलं असेल, त्याला गणती नाही.

पाच वर्षांपूर्वी त्यांचा मोतीबिंदू काढला. पंधरा दिवस पडदा बघायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. अक्कानं माझ्या हातात त्यांनी आधीच तमिळ अक्षरांत लिहून ठेवलेली चिठ्ठी दिली: "तिसरा घाट. दोन मिनिटं. मग बंद कर." म्हणजे माझ्याऐवजी तू रोज नावाड्याला भेटून ये. मी वाचलं: "तिसरा काढ." संगणक लावला. खेळात साठवलेल्या प्रवासांची यादी समोर आली, तीन ओळींची. वरच्या दोन फसलेल्या सुरुवाती, तिसरी तीन वर्षांची. मी तिसरी काढून टाकायची कळ दाबली. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का? मी पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस; खात्री नसणं मला ठाऊकच नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं. मला त्याचा रागच आला.

बाहेर आलो तर काळा चष्मा लावून पडलेले साडू म्हणाले, "कसा आहे रे नावाडी?"

तेव्हा मला कळलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "वीज गेली, अण्णा. आली तेव्हा सगळं पुसलेलं होतं."

आत अक्काचा इडलीच्या पिठाचा ग्राइंडर धडधडत होता. तो क्षणभरही थांबला नव्हता. अक्कानं दारातून माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा ग्राइंडरकडे वळली.

महिन्याभरानं मुलीनं खेळाचा दुसरा भाग आणून दिला. त्याची रीत अशी, की तो आधी तुमचा पहिल्या भागातला प्रवास मागतो. तिथे तुम्ही कुणाला तारलंत, कुणाला मारलंत, ते सगळं इथे पुढे चालतं. तुमच्याकडे प्रवास नसला तर तो आपल्या मनानं एक धरून घेतो. साडूंनी नाव टाईप केलं आणि ते थेट तिसऱ्या घाटावर गेले. तिथे नाव पालथी पडली होती आणि शेजारी दगडावर कोरलं होतं, की इथे ओव्हरसियरनं नावाड्याला ठार केलं.

"अय्यय्यो!" साडू ओरडले. "मास्तर, यानं मजवर खून घातला!"

दुसरा भाग चकचकीत होता. नकाशा आयता, वाट दाखवायला बाण, आणि मनात आणलं की या गावाहून त्या गावी. साडूंना त्यातलं काही दिसेना. "पहिल्या भागात माणूस चालतो," ते म्हणाले, "दुसऱ्यात नुसता पोचतो. पोचून बघायचं काय? आपण न केलेला खून?" त्यांनी खेळ बंद केला. नातेवाईक मात्र लग्नकार्यात हसू लागले. "वीज कसली जाते? मारलंच असेल म्हाताऱ्याला, आता आठवत नसेल," असं पापनाशमच्या एका भाच्यानं म्हटलं आणि सगळी पंगत हसली. मीही हसलो. ते हसू मला पाच वर्षं पचलेलं नाही.

साडूंनी वाद घातला नाही. एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी पहिला भाग उघडला, नाव टाईप केलं, "ओव्हरसियर", आणि पहिल्या पावलापासून पुन्हा चालायला लागले. डोळ्यांमुळे दिवसाला अर्धाच तास. जुनी वही होती, पण नकाशा त्यांनी नवा काढला. नदी तीच असली तरी गाळ बदलतो, म्हणाले. राक्षसांना पुन्हा वळसे घातले. नावाड्याची कहाणी पुन्हा अथपासून इतिपर्यंत ऐकली. या वेळी कोश लागला नाही. आणि या पाच वर्षांत मी कधी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा काफी मागितली की अक्का शांतपणे विचारी, "भावोजी, तुमच्याकडे वीज आहे ना?"

गेल्या पोंगलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंनी आम्हाला बोलावलं. दुसऱ्या भागानं प्रवास मागितला, त्यांनी तो दिला. मग बाण नाकारून, सगळ्या वाटा पायी तुडवून, ते तिसऱ्या घाटावर गेले. दगड कोरा होता. नाव पाण्यावर होती. नावाडी उठून उभा राहिला आणि पडद्यावर त्याचे शब्द उमटले: "या, ओव्हरसियर. तुमची जागा राखून ठेवली आहे."

साडू खुर्चीवरून उठले. कमरेची वेष्टी सावरून बाहेर पायरीवर गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं तमिळमध्ये गरजले, "मी खून केलेला नाही!" समोरून फुलवाली चालली होती. ती म्हणाली, "कोण म्हणालं केलाय म्हणून, सामी?" आणि दोन हात मल्लिगै, म्हणजे मोगरा, तसाच अक्काच्या हातात देऊन गेली. अक्का हसत होती, माझी बायको डोळे पुसत होती. अशी विजयी मिरवणूक आमच्या गल्लीत देवाचीही निघालेली नाही.

मला राहवेना. तिथेच पायरीवर मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, तिसरी ओळ, वीज.

"वीज गेलीच नव्हती?" साडूंनी विचारलं.

"माझा ग्राइंडर चालू होता," दारातून अक्का म्हणाली.

खेळ पुसला त्याचं साडू एक अक्षर बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मास्तर, तुज घाट वाचता आला नाही?" आणि आत गेले.

तीन आठवडे समोरचं दार माझ्यासाठी उघडलं नाही. पापनाशमच्या भाच्याला मी फोन करून खरं काय ते सांगितलं; बाकीच्यांना हा लेख मी वाचून दाखवणार आहे. त्या दिवसांत माझं बाराखडीचं जुनं पुस्तक कपाटातून नाहीसं झालं. बायकोला विचारलं तर म्हणाली, "शोधू नका." दुसऱ्या भागाला माया असते, हे मला साडूंना कधीतरी सांगायचं आहे.

काल सकाळी दाराखालून एक कागद आत सरकला. तमिळ नव्हे, देवनागरी. शहात्तर वर्षांच्या हाताची, पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी अक्षरं. घ लिहिताना वरची रेघ अर्धवट राहिली होती आणि त्याचा ध झाला होता.

"तिसरा धाट. ये."

धाट म्हणजे ज्वारीचा दांडा, आणि आमच्या या भाताच्या मुलखात ज्वारी औषधालाही दिसत नाही. मी कागद घडी करून खिशात ठेवला, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. या वेळी मी बरोबर वाचलं होतं.