गाळणीवर गेलेला बुसकोट

दोंडाईच्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात सुनंदाबाईंच्या घरचा चहा प्याला नाही असा माणूस नाही, आणि त्या चहाबरोबर बुसकोटाची गोष्ट ऐकली नाही असाही कोणी नाही. कप हातात आला की त्यांचे मालक रतिलालभाऊ पाहुण्याला सांगणारच, "सांभाळीसन पी रे बाबा. हाऊ चहा मना बुसकोटमाईन गाळेल शे."

गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दारात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली आली. घरात चहा गाळायला जुन्या धोतराचा फडका होता आणि नव्या सूनबाईला त्याची शिसारी यायची. खुंटीवर लग्नातला बुसकोट लोंबत होता, पाठीवर हळदीचा पंजा उमटलेला. सुनंदाबाईंनी तो दिला आणि स्टीलची गाळणी घेतली. संध्याकाळी रतिलालभाऊ वावरातून आले, रिकामी खुंटी पाहिली, आणि तो बुसकोट जो चालू झाला तो आजतागायत चालू आहे.

गाळणीची जाळी मधल्या काळात दोनदा फाटली. दोन्ही वेळा सुनंदाबाई म्हणाल्या, फेका. दोन्ही वेळा भाऊंनी ती दोंडाईच्याला नेऊन नवी जाळी बसवून आणली. गाळणी गेली तर बोलायचं कशावरून?

बरं, बुसकोट तरी काय होता, तर मोरपंखी टेरेलिनचा. कॉलर अशी, की वारा आला तर माणूस उडेल. डाव्या खिशावर पांढऱ्या दोऱ्याचा भरलेला 'भ'. लग्नाच्या फोटोत तो 'भ' नवरीपेक्षा ठळक आला आहे. सातवी शिकलेल्या नवरीने तेव्हा विचारलं होतं, नाव तर 'र'वरून, मग हा 'भ' कसला? नवरदेवाने एक डोळा मिटून सांगितलं, भ भ्रतारचा. सुनंदाबाई इतक्या लाजल्या की पुढे काही विचारायचं राहूनच गेलं.

यंदा साठी उलटली आणि बाईंनी ठरवलं, हा टोमणा आता जाळायचा. हुबेहूब तोच बुसकोट शिवायचा, श्रावणात कानबाईच्या रोटांना, कुळाच्या सणाला, भाऊबंद जमतील तेव्हा बठ्ठ्यांसमोर नवऱ्याच्या अंगात घालायचा, आणि मग म्हणावं, आता बोला. हात शिवणाचाच. गावातल्या निम्म्या ब्लाउजांवर सुनंदाबाईंची शिलाई. पण पुरुषाचं कापड आयुष्यात कधी मशीनखाली घेतलं नव्हतं.

फोटो पिशवीत घालून त्या दोंडाईच्याला जिनेशच्या दुकानात गेल्या. फोटो काळापांढरा, त्यामुळे रंग तोंडाने सांगावा लागला. जिनेशने तीन गठ्ठे उलटून तसाच तागा काढला आणि वर म्हणाला, "काकू, हीच फॅशन परत आलीय. रेट्रो म्हणतात याला. पोरं शोधत फिरतात."

"आते सांगस," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी तो गाळनीवर दी टाका."

माप घेणं अवघड होतं. विचारून घेतलं तर गंमत गेली. म्हणून दुपारी भाऊ जेवून ओसरीवर आडवे झाले, तेव्हा बाईंनी टेप काढली. छाती झाली, पोट झालं. पोटाला टेप दोनदा लावली, कारण पहिल्या वेळी आकड्यावर विश्वास बसला नाही. उंची घ्यायला टेप गळ्यापासून खाली सोडली आणि भाऊंनी डोळा उघडला. निजलेल्या माणसाला आमच्याकडे कोण, कधी मोजतं, हे सांगायला नको.

"माले कसाले मोजी ऱ्हायनी?" भाऊ उठून बसले. "आजून जित्ता शे मी."

उशाला खोळ शिवायची आहे असं बाईंनी ठोकून दिलं. पोटाएवढी उशी कोणाला लागते, हे विचारायचं भाऊंना झोपेत सुचलं नाही.

शिवायला आठ दिवस लागले. भाऊ वावरात गेले की मशीन चालू, त्यांची चप्पल वाजली की वर कोणाचं तरी ब्लाउज. कॉलरीत कडकपणा यावा म्हणून बाईंनी लग्नपत्रिकेचा पुठ्ठासुद्धा घालून पाहिला, आणि धुतल्यावर काय होईल ते आठवून काढला. 'भ' तर फोटो समोर धरून टाक्याटाक्याने भरला. सगळं नीट झालं. फक्त एक झालं. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेला हात, तो काय बाईला विचारून चालतो? पुढचा भाग मशीनखाली गेला आणि हाताने सवयीने दोन्हीकडे टक्स घालून टाकले. बुसकोट हँगरला लावला तेव्हा छातीवर दोन तंबू उभे. उसवावं तर टेरेलिनवर सुईची भोकं राहणार. आणि रोट उद्यावर आलेले.

रविवारी कानबाईपुढे दिवा लागला, ओसरीवर भाऊबंदांच्या पंगती बसायच्या तयारीत होत्या, तेव्हा बाईंनी बुसकोट भाऊंच्या पुढ्यात टाकला. भाऊंनी तो उलटसुलट केला, चढवला, छातीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

"तवय आसंच ऱ्हाये," बाई म्हणाल्या. "रेट्रो."

ज्या माणसाला बेचाळीस वर्षं त्या बुसकोटाचा धागा न् धागा पाठ होता, त्याने मान डोलावली. म्हणे, आसंच व्हतं. बाईंनी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ओसरीवर भाऊ गेले तर हसू पसरलंच. कोणी म्हणालं, नवरदेव आला. कोणी तंबूंची चौकशी केली. भाऊ ऐटीत फिरत होते. एवढ्यात कोपऱ्यातून भाईदास उठला. हा भाऊंचा चुलतभाऊ, उभी हयात सुरतेच्या मिलमध्ये काढून यंदाच गावी कायमचा आलेला. तो जवळ आला, चष्मा वर केला आणि खिशावर बोट ठेवलं.

"रत्या, हाऊ तर मना बुसकोट शे."

भाऊंनी घाईने सांगितलं की आत्ताच शिवलेला आहे, हवं तर वास घेऊन पाहा.

"मंग खिसावर भ कोना शे?"

भाऊंनी खिशावर हात ठेवला. आतून परात घेऊन आलेल्या सुनंदाबाईंनीच मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं, "भ भ्रतारना."

भाईदास आधी त्यांच्याकडे पाहत राहिला, मग हसून खांबाला टेकला. सुरतेच्या पहिल्या पगारात त्याने तो बुसकोट शिवला होता. रत्याच्या लग्नात एका दिवसासाठी दिला होता. त्यानंतर जेव्हा जेव्हा गावी आला तेव्हा मागितला, आणि दरवेळी उत्तर एकच, पेटीत आहे आणि पेटीची किल्ली तुझ्या वहिनीकडे आहे. तो घरी असला की चहाबरोबरची गोष्ट भाऊ काढत नसत.

"वहिनी," तो म्हणाला, "भ भाईदासना."

ओसरीवर जे झालं ते काय सांगू. एक म्हातारा हसता हसता कानबाईपुढेच लोळला. भाऊ कॉलरीत मान घालून बसले. कॉलर मोठी होती म्हणून मान मावली.

सुनंदाबाई मात्र हसल्या नाहीत. परात खाली ठेवली, आत गेल्या. मोरीवर पाण्याचा आवाज आला. पदराला पुसत बाहेर आल्या आणि गाळणी भाईदासच्या हातात दिली.

"ल्या भाऊ, तुमना बुसकोट. बेचाळीस वरीस संभाळीसन ठेवा मी."

भाईदासने ती खरंच घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंपुढे कप आला. वर बोटभर चहापत्ती तरंगत होती. भाऊंनी फुंकर मारून ती पलीकडे लोटली, घोट घेतला, ती मिशीला लागली. बराच वेळ ते मिशी पुसत बसले. मग हळूच विचारलं, नवी गाळनी?

"भांडेवाली उनी का लिसू," बाई म्हणाल्या. "तो बुसकोट काढी ठेवा."

भाऊंनी अंगातल्या बुसकोटाचं वरचं बटण लावलं आणि उरलेला चहा पत्तीसकट पिऊन टाकला.