बावीवर मागवलेले जार

मी ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये राहते, पण माझं माहेर कोपरखैरण्याच्या जुन्या गावठाणात. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. चारी बाजूंनी बिल्डिंगी उठल्या, नळ घरात आले, तरी घरात हळद असली की बायका वाजतगाजत बावीवर जातात, तिची पूजा करतात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी तिथूनच आणतात. नळाचं पाणी चालत नाही. आईपुढे तर हा विषय काढायची सोयच नाही.

या बावीवर एक सरकारी पाटी आहे, ‘निरीक्षण विहीर’ म्हणून. अधूनमधून भूजल खात्याचा माणूस यायचा, आत टेप सोडायचा, मोबाइलवर काहीतरी टाकायचा, “पाणी चांगलं आहे हां आजी” म्हणायचा आणि आईच्या हातचा चहा पिऊन निघून जायचा. मग माणसाला काय वाटणार, सांगा! अख्ख्या गावठाणाला वाटलं, आपलं पाणी सरकार तपासतं. आसपासच्या सोसायट्यांच्या बोअरकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि आमच्या बावीला पाटी! आई पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवायची.

भावाच्या मोठ्या मुलीच्या हळदीला पाण्याला वास येत होता. मी म्हटलं, “आई, हे पाणी नको.” आई माझ्यावरच उखडली.

“सरकारचा मानूस येऊन बगून जातो. तुला त्याच्यापेक्षा जास्त कलतं का?”

बाकीच्या बायका हसल्या. बँजो जोरात होता. माझं कोण ऐकतंय!

अंघोळ झाली आणि पोरीच्या अंगावर लाल चट्टे उठले. मान, पाठ, हात. सकाळपर्यंत डोळे सुजून मिटले. लग्नातले सगळे फोटो पदर पुढे ओढून काढले, ते ती अजून बघत नाही. मानेवरचे डाग गेलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पाण्यातलंच काहीतरी असणार, पण काय ते पाणी तपासल्याशिवाय कसं सांगू?

मी तावातावाने त्या ऑफिसात गेले. साहेब एकदम थंड.

“मॅडम, तुमच्या विहिरीची पातळी उत्तम आहे. उलट वाढलीय.”

“पातळीचं विचारत नाही हो मी! पाण्यात काय आहे ते सांगा.”

“आम्ही पातळी मोजतो. पाण्याची तपासणी वेगळ्या हेडमध्ये येते. त्या हेडला निधी आलेला नाही.”

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस बावीत टेप बुडवून काय बघत होता? तर पाणी किती आहे. कसलं आहे, हे बघायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! आणि भर उन्हाळ्यात, सगळ्या बोअर आटलेल्या असताना, एका बावीत पाणी वाढतं, ते येतं कुठून, हा प्रश्न एकाच्याही टाळक्यात येऊ नये? गटार फुटलंय, की वरच्या अंगाला कुठल्या कारखान्याचं काही झिरपतंय? मला नाही माहीत. तेच तर म्हणतेय, कोणालाच माहीत नाही!

शेवटी मीच पाणी खाजगी लॅबमध्ये नेलं. अंघोळीलासुद्धा वापरू नका, असं त्यांनी सरळ लिहून दिलं. साहेब म्हणाले, खाजगी रिपोर्ट ग्राह्य धरता येत नाही. मग तुमचा करा ना! तर निधी नाही. बाहेर पडले, तर समोरच्या तलावाभोवती रंगीत दिवे, कारंजं, सेल्फी पॉइंट. त्याला बरा निधी असतो! कारंजं उडवायला आहे, बाटलीभर पाणी तपासायला नाही. लाजा कशा वाटत नाहीत यांना?

यंदा धाकट्या भाचीचं लग्न ठरलं आणि घरात रोज भांडण. भाची म्हणाली, “आजी, मला ताईसारखं नाही व्हायचं.” आई म्हणे, बावीशिवाय हळद होत नसते. मी पुन्हा ऑफिसच्या चकरा सुरू केल्या, लग्नाआधी एकदा तरी पाणी तपासा म्हणून हात जोडले. पुढच्या आर्थिक वर्षात बघू, म्हणाले. हळद काय आर्थिक वर्ष बघून लावायची?

हळदीच्या आदल्या दिवशी आई आपणहून म्हणाली, “पान्याचे जार मागव.” मी बघतच राहिले. “पन बावीवर मागव. घरात नको.”

तसंच झालं. बायका नटूनथटून निघाल्या, पुढे बँजो. बावीजवळ प्लास्टिकचे जार मांडले होते. आईने बावीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, एकेक जार कठड्याला टेकवला आणि त्यातलं पाणी कळशांत ओतायला लावलं. या वेळी कोणी हसलं नाही. बँजोवाले आपसूक थांबले.

आई कठड्यावर दोन्ही हात ठेवून वाकली.

“माफ कर बाय,” ती बावीला म्हणाली. “एवढे लोक येऊन गेले, पन तुला काय होतंय ते कोनी इचारलंच नाय.”

मला रडूही येईना, इतका संताप झाला होता. मीही वाकून आत बघितलं. पाणी मागच्यापेक्षा वर आलं होतं. पातळी उत्तम.