सईची पहिली नोकरी आणि माझं मोडकं तमिळ

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी आमच्या सईला पहिली अर्धवेळ नोकरी मिळाली. मी ती जवळजवळ घालवलीच होती!

बारावी झाल्यापासून ती ऑनलाइन अर्ज करत होती. सगळीकडे अनुभव मागतात, म्हणून खट्टू झाली होती. शेवटी आज आम्ही दोघींनी पेरुंगुडीत घराजवळच्या दातांच्या दवाखान्यात सरळ जाऊन विचारलं. त्यांना संध्याकाळी रिसेप्शनवर कुणीतरी हवंच होतं.

डॉक्टरबाईंनी सईला विचारलं, "आधी कुठे काम केलंयस?" तिच्याआधी मीच मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सुरू झाले.

"आई, तू थांब गं," सई म्हणाली आणि अस्खलित तमिळमध्ये डॉक्टरांना म्हणाली, "मॅडम, ऐकलंत ना हिचं तमिळ? ऑटोवाला, प्लंबर, भाजीवाली, सगळ्यांशी लहानपणापासून हिच्या वतीने मीच बोलते. चिडलेल्यांची समजूतही मीच काढते."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. "सोमवारपासून ये. पण अम्माला घरीच ठेव!"

परक्या गावात मुलं आपल्यासाठी किती काय करतात, आणि आपण त्याला काम म्हणतच नाही. नोकरी शोधणाऱ्या मुलांनी हे बिनधास्त सांगावं. तुमच्या घरी मुलं काय सांभाळतात?